ओढ्याचा तुटता काठ बांधायचा कसा

पावसाळ्यात कोल्हापुरात सगळ्यांचे डोळे पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर असतात. ३९ फुटांवर इशारा, ४३ फुटांवर धोका. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी तिथलं पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. पण गावोगावची जमीन रोज थोडीथोडी जाते ती ओढ्याच्या काठाला, आणि तिची बातमी होत नाही. यंदा उसाची शेवटची सरी ओढ्यात गेली, पुढच्या वर्षी तिच्या आतली. मग कोणीतरी जेसीबी लावतो, ओढा खोल करतो, काठ भिंतीसारखा उभा तासतो. पुढच्या पावसाला तो उभा काठ आणखी मोठ्या तुकड्यात सुटतो.

गवत, झुडपं आणि झाडं यांनी हा काठ धरून ठेवता येतो. महापूर यानं थांबत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. पंचगंगेचा फुगवटा ओढ्यातून मागं शिरला की काठ हिरवा असो वा बोडका, पाणी शेतात येणारच. पण पाणी ओसरताना माती सोबत नेत नाही, ओढ्यात गाळ कमी साठतो, एप्रिल-मेमध्ये सावलीतले डोह जास्त दिवस टिकतात. चार तासांत कोसळून जाणारा पाऊस आता वरचेवर पडतो. अशा पावसाचा पहिला मार काठाला बसतो, त्याची तयारी यात होते. खाली दिलेली मापं दीड-दोन मीटर उंच काठाच्या, गावशिवारातल्या ओढ्यासाठी आहेत. नदीच्या मुख्य काठाला ती लावू नका.

आधी बैठक, मग कुदळ

एकट्यानं हे काम करू नये. एका बाजूचा काठ घट्ट झाला की पाण्याचा जोर समोरच्या काठावर जातो आणि भांडण उभं राहतं. एका वेळी किमान ५०० मीटर आणि दोन्ही काठ, एवढं धरूनच ठरवा. सुरुवात वरच्या अंगानं करा. खालून सुरू केलं तर वरून सुटलेला गाळ नव्या लागवडीवर येऊन बसतो.

भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशा काढा. नकाशावर ओढ्याची रुंदी दिसते आणि जागेवर चालताना ती बहुतेक ठिकाणी निम्मी झालेली असते. ओढ्याचं पात्र सहसा सरकारी असतं. तरीही पहिल्या बैठकीत अतिक्रमणाचा विषय काढला की दुसरी बैठक होत नाही. त्यापेक्षा हिशोब मांडा. काठाला उतार द्यायला आणि वर झाडांची पट्टी ठेवायला आजच्या काठापासून सरासरी ५ मीटर जागा लागते. ज्याचं शेत ओढ्याला १०० मीटर लागून आहे, त्याचे साधारण ५ गुंठे जातात. एकरी ४० टनांचा उतारा धरला तर वर्षाला ५ टन ऊस. त्याच शेतकऱ्याला विचारा, मागच्या दहा वर्षांत किती सऱ्या ओढ्यात गेल्या? बहुतेक वेळा उत्तर तो स्वतःच बोटं मोजून देतो. पट्टीतून वैरण, बांबू आणि जांभूळ त्याचंच राहील, हे लेखी ठरवा. लेखी नसलं की तिसऱ्या वर्षी भावकीत वाद होतो.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव घ्या म्हणजे ऑक्टोबरच्या कामाला वेळ मिळतो. ठरावात तीन गोष्टी हव्यात: काठापासून ३ मीटरपर्यंत तणनाशक नाही, उसाचं पाचट (वाळलेला पाला) जाळायचं नाही, आणि पाणी कोण घालणार त्याची नावं. पाणीपुरवठा संस्थेचा पंप असेल तर तिचा पाणी सोडणारा माणूस बैठकीला हवाच. सरपंच एक वेळ नसला तरी चालेल.

ओढा चालून बघताना

जूनच्या शेवटी, पाऊस जोरात असताना, छत्री घेऊन ओढ्याच्या कडेनं चाला. उन्हाळ्यात काठ बघून काहीच कळत नाही. पाणी काठ कुठून खातंय ते तीन प्रकारांनी दिसतं.

वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाणी धडकतं आणि काठाचा पायथा पोखरतं. वरचा भाग गुहेच्या छतासारखा पुढं आलेला दिसतो. अशा जागी पायथ्याला दगड लागतात, नुसत्या गवतानं भागत नाही. वळणाच्या आतल्या बाजूला उलट वाळू साठते. तिथं काहीही लावू नका, ती जागा पाण्याची आहे.

दुसरा प्रकार जास्त आढळतो आणि दोष मात्र ओढ्याला दिला जातो. शेतातलंच पाणी सरीच्या तोंडातून काठावरून खाली पडतं आणि घळ पाडतं. काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा पडतात. पहिल्या पावसाचं पाणी त्या भेगांत शिरतं आणि काठाचा अख्खा तुकडा सुटतो. याला ओढ्यात काही करून उपयोग नाही, इलाज शेतातच करावा लागतो.

तिसरा प्रकार कोल्हापुरी बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला. बरगे (बंधाऱ्याच्या गाळ्यांत बसवायच्या फळ्या) घातले की सात-आठ महिने काठ पाण्यानं फुगून राहतो. पावसाळ्याच्या तोंडाला सगळे बरगे एकदम काढले की ओढ्यातलं पाणी झटकन उतरतं, पण काठाच्या मातीतलं उतरत नाही. टेकू गेलेला जड, ओला काठ खाली बसतो. बरगे दोन-तीन टप्प्यांत, मध्ये काही दिवस सोडून काढले तर हे बरंच टळतं. पावसाचा अंदाज बघून हे आधीच सुरू करावं लागतं, ऐन पावसात टप्पे करत बसायला वेळ नसतो.

तिन्ही ठिकाणी वेगवेगळ्या रंगाच्या चिंध्या बांधून ठेवा. ऑक्टोबरमध्ये या खुणा कामाला येतात.

शेताचं पाणी आधी बांधा

काठाला समांतर, उतार तासल्यावर जो माथा राहील त्यापासून साधारण ३ मीटर आत, ३० सेंटिमीटर खोल आणि ४५ सेंटिमीटर रुंद चारी काढा. सगळ्या सऱ्यांची तोंडं या चारीत सोडा. चारी अगदी हलक्या उतारानं, १०० मीटरला २० ते ३० सेंटिमीटर, एका जागी न्या आणि तिथून दगड रचलेल्या पायऱ्यांवरून पाणी ओढ्यात उतरवा. पायऱ्या मधोमध खोलगट ठेवा, नाहीतर पाणी कडेनं वाट काढतं आणि दगड तसेच उभे राहून शेजारी नवी घळ पडते. प्लास्टिकचा पाइप टाकून मोकळं होण्याचा मोह सगळ्यांना होतो. पाइप चालतो, पण त्याचं तोंड काठाच्या पायथ्याला दगडावर पडायला हवं. हवेत सोडलेला पाइप म्हणजे काठाला लावलेली सुरी.

उतार आणि पायथा

काठ तासायचं काम परतीचा पाऊस संपला आणि जमिनीला वाफसा आला की करायचं, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापासून. मे महिन्यात उतार काढून ठेवणं ही सगळ्यात महागडी चूक आहे. उघडी, मोकळी माती पहिल्याच पावसात वाहून जाते. नियम सोपा आहे: जेवढा काठ आठ दिवसांत लावून होईल तेवढाच तासायचा.

काळ्या मातीला १ ला २ उतार द्या, म्हणजे २ मीटर उंच काठ ४ मीटर आत जातो. पन्हाळा-शाहूवाडीकडच्या तांबड्या, मुरमाड जमिनीला १ ला दीड पुरतो. निघालेली माती ओढ्यात ढकलायची नाही. काठावर वरंबा करूनही ठेवायची नाही, कारण तिचं वजनच काठ खाली बसवतं. ती शेतात पसरा.

बाहेरच्या वळणावर पायथ्याला ६० सेंटिमीटर खोल चर खणून त्यात दगड रचा. दगड एका माणसाला जेमतेम उचलता येईल एवढा हवा. त्याहून लहान दगड पहिल्या पुरात निघून जातात. चरातून वर येत पाण्याच्या नेहमीच्या पातळीच्या ३० सेंटिमीटर वरपर्यंत दगड येऊ द्या आणि फटीत निर्गुडीच्या काड्या खोचा. सिमेंट वापरू नका. सिमेंटच्या भिंतीखालची माती निघाली की भिंत अख्खी कोसळते. सुटे दगड मात्र खाली बसतात आणि आपली जागा स्वतः धरतात.

वाळा

काठ धरण्याचं मुख्य काम वाळा हे गवत करतं. त्याची मुळं आडवी न पसरता सरळ खाली जातात, चांगल्या जमिनीत दोन-तीन मीटरपर्यंत. पूर आला की पानं आडवी होतात आणि ओसरला की उभी राहतात. लव्हाळ्याची गोष्ट लहानपणापासून सगळ्यांनी ऐकली आहे, ही त्याच जातीची चिवटाई. गाळाखाली बुडाला तरी वरच्या पेरांना नवी मुळं फुटतात. शिरोळकडच्या खारवट जमिनीतही तो तग धरतो. ‘शेतात तण होईल’ ही शंका हमखास निघते. दक्षिणेकडचा लागवडीचा वाळा बियांनी पसरत नाही, तो ठोंब फोडूनच लावावा लागतो. म्हणून ठोंब कुठून आणला हे विचारून घ्या.

रोपांची सोय वर्षभर आधी करा. एक गुंठा चांगल्या जमिनीत ५० सेंटिमीटरच्या ओळी आणि ओळीत ३० सेंटिमीटर अंतरानं फुटवे लावले तर साधारण ६७० ठोंब होतात. वर्षाच्या ठोंबातून १५ लावण्याजोगी रोपं निघाली तरी १०,००० रोपं घरची. १०० मीटर काठाला चार ओळींसाठी सुमारे ३,३०० लागतात, म्हणजे एका गुंठ्यात एका बाजूचा ३०० मीटर काठ होतो.

ठोंब उपटल्यावर कोयत्यानं सरळ चिरू नका. हातानं, जिथं तो आपोआप सुटतो तिथून वेगळा करा. एका रोपात दोन किंवा तीन फुटवे ठेवा. एकच ठेवला तर मर जास्त होते. वरची पानं २० सेंटिमीटरवर आणि मुळं १० सेंटिमीटरवर छाटा. बुडाला दाबून बघा: घट्ट आणि आतून पांढरं हवं. मऊ, तपकिरी झालेलं टाकून द्या, ते उगवत नाही. तयार रोपांची मुळं शेणकाल्यात बुडवून ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा. काढल्यापासून दोन दिवसांत ती लागली पाहिजेत.

ओळी काठाच्या लांबीला, समपातळीत आखा. त्यासाठी पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरे. ओळ तिरकी गेली की पाणी तिच्या कडेनं धावतं आणि वाळ्यामुळेच घळ पडते. पहिली ओळ पाण्याच्या हिवाळ्यातल्या पातळीच्या लगेच वर. बंधाऱ्याच्या फुगवट्यात असाल तर बरगे घातल्यानंतरची पातळी धरा. पुढच्या ओळी उभ्या उंचीत दर ५० सेंटिमीटरला. खालच्या दोन ओळींत रोपांतलं अंतर १० सेंटिमीटर, वरच्या दोनांत १५. यापेक्षा लांब लावून रोपं वाचवू नका. फट राहिली की पाणी नेमकं तिथूनच घुसतं, आणि एक फट शेजारची चार रोपं घेऊन जाते. ओळींच्या मध्ये पाचटाचा ५ सेंटिमीटरचा पातळ थर पसरा आणि काथ्या ताणून बांबूच्या खुंट्यांनी दाबा. जाड थर दिलात तर खालचे कोंब गुदमरतात.

पहिले तीन आठवडे तीन-चार दिवसांआड पाणी, मग फेब्रुवारीपर्यंत आठवड्याला, पुढं पावसाळ्यापर्यंत पंधरवड्याला. तीन आठवड्यांनी चालत जाऊन मेलेली रोपं बदला. दहातलं एखादं मरतंच, तेवढी जास्तीची आधीच राखून ठेवा. तीन-चार महिन्यांनी पानं ३० सेंटिमीटरवर कापली की फुटवे वाढून ओळ भरते. कोवळा पाला म्हशी खातात. वाळ्याच्या मुळांना बाजारात भाव मिळतो, म्हणून कोणीतरी काठ खणायला येईल हेही गृहीत धरा. ‘मूळ काढायचं नाही’ हे ठरावातच लिहा.

वाळ्याला सावली चालत नाही. म्हणून झाडं उतारावर लावायची नाहीत, वर मागं लावायची. तीन वर्षांनी झाडांची सावली वरच्या ओळीवर येईल आणि ती विरळ होईल. तोवर झाडांची मुळं तिथं पोहोचलेली असतात.

निर्गुडीच्या मोळ्या

उताराच्या मध्यावर, वाळ्याच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीच्या मध्ये, निर्गुडीची एक आडवी मोळी घाला. अंगठ्याएवढ्या जाडीच्या ताज्या फांद्या घ्या, शेंडे एकदा इकडे एकदा तिकडे ठेवत २० सेंटिमीटर जाडीची, अडीच मीटर लांबीची मोळी करा, दर ४० सेंटिमीटरला काथ्यानं बांधा. मोळी निम्मी बुडेल एवढा चर काढून त्यात ठेवा, दर ६० सेंटिमीटरला बांबूची खुंटी आरपार ठोका आणि वरून माती अशी टाका की फांद्या किंचित दिसत राहतील. पूर्ण गाडली तर फूट वर येत नाही, पूर्ण उघडी राहिली तर वाळून सरपण होते. फांद्या तोडल्या त्याच दिवशी लावा. सुट्या काड्या खोचायच्या असतील तर ६० सेंटिमीटरच्या घ्या, दोन तृतीयांश मातीत, डोळे वर. बुडाचं टोक तिरकं आणि शेंड्याचं सरळ छाटून आणलं की काडी उलटी लागत नाही. निर्गुडीला शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाचा खर्चही वाचतो.

बेशरम मात्र लावू नका. लगेच फुटतं म्हणून ते कोणीतरी सुचवतंच. दोन वर्षांत ते पात्रात उतरतं आणि ओढाच तुंबवतं.

झाडं कुठं आणि कोणती

झाडं पुढच्या जूनमध्ये लावा. उताराच्या माथ्यापासून दीड-दोन मीटर मागं, ४ मीटर अंतरानं एक ओळ, १०० मीटरला साधारण २५ झाडं. मोरी किंवा पुलाच्या वरच्या बाजूला ३० मीटर काहीच लावू नका. तुटलेली फांदी मोरीत अडकली की सगळा ओढा रस्त्यावर येतो. पात्रात तर एकही झाड नको.

करंज, जांभूळ, अर्जुन, उंबर आणि वाळुंज ही झाडं पाण्यात काही दिवस उभी राहिली तरी टिकतात. वाटपात येणारं रोप बहुतेकदा कडुनिंबाचं, सागाचं किंवा शेवग्याचं असतं. ते ओढ्याकाठी लावू नका, साचलेल्या पाण्यात यांची मुळं कुजतात. ती रोपं शाळेला किंवा गावठाणाला द्या. बांबू हवा असेल तर माणगा किंवा मेस, ५ मीटर अंतरावर, आणि तोही माथ्यावर आत. बांबूची मुळं दाट असतात पण खोल नसतात. पोखरलेल्या काठावरचं बेट अख्खं ओढ्यात पडतं आणि जाताना मोठा खड्डा पाडून जातं.

बी गावातच मिळतं. करंजाच्या शेंगा उन्हाळ्यात गोळा करा. अर्जुनाचं बी दोन-तीन दिवस भिजवून पेरा. जांभळाचं बी साठवायचं नाही, खाऊन टाकलेली बी धुऊन आठ-दहा दिवसांत पेरा, नाहीतर ते मरतं. शाळेच्या पोरांना हे काम सांगा, त्यांच्याइतकं जांभूळ कोणी खात नाही. उंबर आणि वाळुंज फांदीपासून होतात. देवराईतून बी आणायचं असेल तर त्या गावाला विचारून आणा.

लावताना रोप चार फुटांच्या वरचं हवं. एक फुटाचं रोप पुराच्या गाळात गाडलं जातं. खड्डा ४५ सेंटिमीटर लांब-रुंद-खोल, त्यात ५ किलो कुजलेलं शेणखत. काळ्या रानात पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साठतं, म्हणून रोप जमिनीच्या वर १५ सेंटिमीटर मातीच्या उंचवट्यावर बसवा. दोन्ही बाजूंना खुंटी, आठच्या आकड्यात सैल सुतळी. पुराचं पाणी उतरलं की दोन-तीन दिवसांत पानांवरचा गाळ धुऊन टाका आणि बुंध्याशी साठलेला गाळ काढा. एवढं केलं नाही तर पाण्यातून वाचलेलं रोप गाळानं मरतं. दोन उन्हाळे आठवड्याला १५ ते २० लिटर पाणी.

झाडांच्या मागच्या पट्टीत मारवेल गवत लावा. वैरण निघाली की बायका ती पट्टी स्वतःहून सांभाळतात, राखणदार ठेवावा लागत नाही.

म्हशींची वाट

म्हशी पाण्यावर जाणारच. वाट ठेवली नाही तर त्या वाळ्यातून वाट पाडतात. दर २०० मीटरला एक पाणवठा सोडा: ३ मीटर रुंद, १ ला ५ असा सपाट उतार, दगड रोवलेला. त्याचं तोंड प्रवाहाच्या दिशेला तिरकं ठेवा. प्रवाहाच्या समोर तोंड केलं तर पुराचं पाणी त्याच वाटेनं थेट शेतात चढतं.

पाचट आणि फवारा

ही सगळी मेहनत एका काडेपेटीनं जाते. ऊस तुटला की पाचट पेटवतात, ज्वाळा वाऱ्यानं काठावर येतात. वाळा पुन्हा फुटतो, दोन वर्षांचं जांभूळ फुटत नाही. पाचट सरीआड पसरा किंवा कुट्टी करा आणि दर टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक टाकून पाणी द्या. एकरी तीन-चार टन पाचट निघतं, ते जमिनीत गेलं की तेवढा धूरही वाचतो. तणनाशकाचं तर पंपाचं नोझल वाऱ्याला धरलं तरी पुरे: ग्लायफोसेटनं वाळा जळतो आणि टू-फोर-डीनं रोपांची पानं वाकडी होतात. काठाकडच्या शेवटच्या दोन सऱ्या खुरप्यानं भांगलायच्या.

काठ टिकला की नाही हे कसं कळणार

डोळ्यांवर विसंबू नका. एक मीटर लांबीच्या जाड सळया काठात आडव्या ठोका, १० सेंटिमीटर बाहेर ठेवा, टोकाला लाल रंग द्या. सरळ भागात ५० मीटरला एक, वळणावर १० मीटरला एक. प्रत्येकीला नंबर द्या आणि वही तरुण मंडळाकडे ठेवा. पावसाळा संपला की मोजा. सळई २५ सेंटिमीटर बाहेर आली असेल तर तिथं १५ सेंटिमीटर काठ गेला आहे. त्याच्या वर चारी फुटली आहे का ते आधी बघा, मग पायथ्याचे दगड बघा, आणि दोन्ही ठीक असतील तरच वाळ्याची ओळ दुहेरी करा. सळई दिसतच नसेल तर घाबरू नका, बहुतेक तिच्यावर गाळ बसला आहे. उकरून किती बसला ते लिहा आणि शेजारी नवी सळई ठोका.